मिस, हे खरं आहे, की आम्हाला बरं वाटावं म्हणून?

«बाई, मी मूळची सांगलीची. गेली चार वर्षं अमेरिकेत, मेरीलँडमधल्या एका सरकारी शाळेत सहावीला गणित शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं कृष्णवर्णीय. दोघातिघांचे आईवडील नायजेरियाहून आलेले, एकीचे इथिओपियाहून. फेब्रुवारी हा इथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. मुलांच्या संस्कृतीशी जोडून शिकवा, असं मुख्याध्यापिकांनी सांगितलं, म्हणून मी नेटवर शोधून ‘आफ्रिकेने जगाला दिलेलं गणित आणि विज्ञान’ असा मोठा फलक केला. वीस हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेत मूळ संख्या माहीत होत्या, इजिप्तचे लोक ग्लायडरमधून उडायचे, वगैरे. एका मुलाने तो वाचला आणि विचारलं, ‘मिस, हे खरं आहे, की आम्हाला बरं वाटावं म्हणून लावलंय?’ मला उत्तर देता आलं नाही. नवरा म्हणतो, परीक्षा तोंडावर आलीय, तू आपला अभ्यासक्रम शिकव. हळदीकुंकवाला जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘त्यांचं कसलं आलंय गणित!’ फलक काढून टाकू का? आणि मी भारतीय, त्यांचा वारसा त्यांना सांगायचा मला अधिकार तरी आहे का? मला ‘तू’च म्हणा. – गोंधळलेली शिक्षिका»

‘तू’ म्हणायला सांगितलंस, बरं केलंस. बीड जिल्ह्यातल्या शाळांमध्ये एकतीस वर्षं ‘अरे’ आणि ‘अगं’ करण्यात गेली, आता ‘तुम्ही’ जिभेवर चढत नाही.

आधी त्या पोराबद्दल. त्या दिवशी तुझ्या वर्गात सगळ्यात चोख गणित त्याने केलं. समोर विधान आलं आणि त्याने पुरावा मागितला. तुला लाज वाटली ते मी समजू शकते, कारण मी स्वतः त्या जागी उभी राहिले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी मुलांना छाती फुगवून ‘वैदिक गणित’ शिकवायचे. ही सूत्रं अथर्ववेदातली, हजारो वर्षांपूर्वीची, असं ठोकून द्यायचे. पुढे कळलं की पुस्तक छापून आलं १९६५ साली, त्याचे कर्ते शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ गेल्यानंतर, आणि ती सूत्रं उपलब्ध अथर्ववेदाच्या परिशिष्टांत कुठे सापडत नाहीत. गुणाकाराच्या युक्त्या चालतात, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांचं वय मी मुलांना खोटं सांगितलं होतं. मला कुणी विचारलं नाही, एवढाच तुझ्या-माझ्यातला फरक.

ग्लायडरचं वाचून तर मला हसूच आलं. आपल्याकडे गिरगाव चौपाटीवर १८९५ साली तळपद्यांनी विमान उडवल्याची गोष्ट दर दोन वर्षांनी फिरून येते, तिला भरवशाचा समकालीन पुरावा नसला तरी. इजिप्तच्या ग्लायडरचं मूळ असंच आहे. १८९८ मध्ये सक्काराच्या थडग्यांत एक लाकडी पक्षी सापडला, पंखांची लांबी वीतभर. कुणाला तो विमानाच्या नमुन्यासारखा दिसला आणि गोष्ट सुटली. तुमच्या देशात ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडच्या शाळांनी १९८०च्या दशकात आफ्रिकी वारशावर शिक्षकांसाठी निबंध तयार करवून घेतले होते. त्यांतल्या विज्ञानाच्या निबंधात हे ग्लायडर होते, वर अतींद्रिय शक्तीही होत्या. बेर्नार्द ओर्तिस दे मोंतेयानो या अभ्यासकाने त्यावर कडक टीका केली. हा माणूस अॅझ्टेकांच्या वैद्यकावर आस्थेने लिहिणारा, म्हणजे परक्या संस्कृतीला नावं ठेवणाऱ्यांतला नव्हे. त्याचं म्हणणं मला पटतं: ज्या मुलांना आधीच कमी मिळालंय, त्यांच्या हातात खोटं विज्ञान दिलं की त्यांचंच आणखी नुकसान होतं.

पण फलक काढू नकोस. त्याच्यावरच तास घे.

पहिला घे तो मूळ संख्यांचा दावा. १९५० मध्ये बेल्जियन भूशास्त्रज्ञ जाँ द हाइन्झेलिन यांना एडवर्ड सरोवरातून सेमलिकी नदी निघते तिथे, आजच्या काँगोतल्या इशांगोत, बोटभर लांबीचं एक हाड मिळालं. एका टोकाला गारगोटीचा तुकडा बसवलेला आणि अंगावर तीन ओळींत खाचा. वय वीस हजार वर्षांहून जास्त मानतात. एका ओळीत खाचांचे गट आहेत ११, १३, १७, १९. दुसऱ्या ओळीत ११, २१, १९, ९. तिसरीत ३, ६, ४, ८, १०, ५, ५, ७. हे आकडे फळ्यावर लिही आणि गप्प बस. पोरं बेरीज करतील: ६०, ६० आणि ४८. कुणी म्हणेल तीनचे सहा झाले, चारचे आठ, दहाचे पाच, म्हणजे दुप्पट-निमपट चाललीय. कुणाला दिसेल की दुसरी ओळ म्हणजे दहाला एक मिळवून, विसाला एक मिळवून, मग विसातून एक काढून, दहातून एक काढून. आणि पहिल्या ओळीत दहा ते वीसमधल्या सगळ्या मूळ संख्या आहेत, हेही कुणीतरी ओरडेल. मग तू विचार: खाचा करणाऱ्याला हे माहीत होतं, असं म्हणायला आपल्याला आणखी काय सापडायला हवं? मूळ संख्या ओळखायची तर भागाकाराची कल्पना हवी. काही अभ्यासक म्हणतात हा चंद्राच्या कलांचा हिशेब असेल, काही म्हणतात पकड घट्ट बसावी म्हणून खाचा केल्या असतील. वर्गात दोन तट पडू देत. मी असते तर त्या दिवशी पुस्तक उघडलंच नसतं.

ते हाड आज ब्रसेल्सच्या संग्रहालयात आहे. ‘तिथे कसं गेलं?’ हा प्रश्न येईलच. काँगो १९६० पर्यंत बेल्जियमची वसाहत होती, हे एका वाक्यात सांग आणि पुढची चर्चा मुलांवर सोड.

आता एक गोष्ट तुझ्या लक्षात आणून देते. तुझ्या फलकावर निम्म्याहून जास्त जागा इजिप्तने खाल्ली असणार. नेटवर तेच सगळ्यात जास्त मिळतं. इजिप्तचं खरं गणित भरपूर आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० मध्ये आह्मेस नावाच्या लेखनिकाने त्याहून जुन्या ग्रंथावरून उतरवून घेतलेला पपायरस लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातली गुणाकाराची रीत मुलांना पाच मिनिटांत येते: १३ गुणिले २४ हवेत तर २४ दुप्पट करत जा, ४८, ९६, १९२, तेरा म्हणजे आठ, चार आणि एक, १९२, ९६ आणि २४ मिळवा, ३१२. पाढे न येणाऱ्या पोराला हे वरदान आहे. पण अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेली माणसं मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतून आणि काँगो-अंगोलाच्या पट्ट्यातून आली. पिरॅमिड तिथून फार लांब. सांगलीच्या पोरीला गौरव वाटावा म्हणून कुणी चीनच्या भिंतीचं चित्र लावलं, तर तुला कसं वाटेल?

म्हणून अंगोलाकडे चल. तिथल्या चोक्वे लोकांत ‘सोना’ नावाची वाळूतली चित्रं असतात. गोष्ट सांगणारा जाणता माणूस वाळू सपाट करतो, बोटांच्या टोकांनी सारख्या अंतरावर ठिपके उमटवतो आणि मग गोष्ट सांगता सांगता त्या ठिपक्यांच्या मधून बोट फिरवत नेतो. चांगल्या चित्रात बोट उचलायचं नाही. सुरू केलं तिथे परत यायचं. तुला आपली ठिपक्यांची रांगोळी आठवली ना? मलाही. फक्त आपण ठिपके जोडतो, ते ठिपक्यांना वळसे घालतात. त्या बाबतीत तमिळ कोलम त्यांना जवळचं. २०२३ मध्ये सोना युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं. पण यादीत येण्याच्या कितीतरी आधी मोझांबिकमध्ये आयुष्य घालवलेले गणितज्ञ पाउलुस गेर्डेस यांनी त्यातलं गणित उलगडून ठेवलं होतं.

चटईच्या विणीसारखा जो प्रकार आहे, त्यात रेषा ठिपक्यांच्या मधून तिरकी धावते आणि कडेला पोहोचली की कॅरमच्या सोंगटीसारखी आपटून वळते. ठिपक्यांच्या तीन आडव्या ओळी आणि चार उभ्या रांगा घेतल्या तर एकाच रेषेत सगळे ठिपके घेरले जातात. चार आणि सहा घेतल्या तर एका रेषेत काम होत नाही, दोन लागतात. तीन आणि तीनला तीन. पाच आणि सहाला पुन्हा एक. किती रेषा लागतील हे न काढता सांगता येईल का? येतं. दोन्ही संख्यांचा मसावि काढायचा. सहावीला तुला मसावि शिकवायचाच आहे, म्हणजे नवऱ्याचंही समाधान. नियम मात्र आधी सांगू नकोस. सात-आठ चित्रं काढून तक्ता भरला की पोरं स्वतः नियम धरतात, आणि स्वतः धरलेला नियम परीक्षेपर्यंत टिकतो. पहिल्यांदा तू घरी काढून बघ. माझं पहिलं चार आणि पाचचं चित्र तीनदा बिघडलं.

नायजेरियाच्या मुलांपैकी कुणी योरुबा असेल तर घरून मोजणी विचारून आणायला सांग. योरुबात मोजणी विसाच्या पटीत चालते आणि वजाबाकीवर उभी असते. ४५ म्हणजे तीन विसा, त्यातून दहा काढा, त्यातून पाच काढा. १५ ते १९ सगळे वीसमधून काढून. ही मोजणी अवघड वाटली तर स्वतःच्या तोंडाकडे बघ: एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस आपण कसे म्हणतो? आणि माझी आजी बाजारातून येऊन ‘तीन विसा आणि वर पाच’ रुपये झाले म्हणायची. योरुबा मुलखात कवड्यांचं नाणं चालायचं. चाळीस कवड्यांची एक माळ, पन्नास माळांचा म्हणजे दोन हजारांचा एक ढीग, दहा ढिगांची एक गोण. या कवड्यांपैकी पुष्कळशा आपल्या शेजारच्या मालदीवमधून जहाजांनी गेलेल्या. त्याच कवड्या देऊन माणसंही विकत घेतली गेली, हे सहावीच्या मुलांपासून लपवायचं कारण नाही. त्यांना ते आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

विज्ञानाच्या कोपऱ्यासाठी ओनेसिमसची गोष्ट घे. हा पश्चिम आफ्रिकेतून आणलेला गुलाम बोस्टनच्या कॉटन मेथर या धर्मोपदेशकाकडे होता. ‘तुला देवी येऊन गेल्या का?’ या प्रश्नावर त्याने ‘हो आणि नाही’ असं उत्तर दिलं आणि हातावरचा वण दाखवला. रोग्याच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीवरच्या छोट्या जखमेत घालायचा, हलका आजार येतो आणि मग आयुष्यभर धोका नाही. त्याच्या मुलखात हे करत असत. १७२१ मध्ये बोस्टनमध्ये देवीची साथ आली, तेव्हा डॉक्टर बॉइल्स्टन यांनी सुमारे अडीचशे लोकांवर हे केलं, त्यातले सहा दगावले. ज्यांना आपसूक लागण झाली त्या पाच हजार आठशेहून अधिक लोकांतले ८४४ गेले. शेकडेवारी मुलांना काढू दे. या टोचण्यावरून शहर इतकं चवताळलं होतं की मेथरच्या घरात कुणीतरी पेटता हातबॉम्ब फेकला; सुदैवाने तो फुटला नाही. जेन्नरची लस यायला अजून पंच्याहत्तर वर्षं होती.

तुझ्याच राज्यातला बेंजामिन बॅनेकर विसरू नकोस. १७३१ साली बाल्टिमोर काउंटीत जन्मलेला, स्वतंत्र, तंबाखू पिकवणारा शेतकरी. ग्रहणांची गणितं स्वतः शिकून मांडली, पंचांगं छापली आणि १७९१ मध्ये हस्तलिखित थेट थॉमस जेफरसनला पाठवलं. सोबतच्या पत्रात, स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा माणूस गुलाम कसे बाळगतो, हे स्पष्ट विचारलं. त्याने वॉशिंग्टनचा अख्खा नकाशा आठवणीतून काढला, अशी कथा तुझ्या फलकावर असेल तर ती खोड. शहराच्या सीमेच्या सर्वेक्षणात त्याने काही महिने काम केलं, एवढं खरं, आणि तेवढं पुष्कळ आहे. ओएला या गावी त्याच्या जमिनीवर संग्रहालय आहे. सहलीचं बघ.

आता जे मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं. संस्कृतीशी जोडून शिकवणं म्हणजे पूर्वजांचा फलक, असं तू धरून चालली आहेस. ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९९०च्या दशकात ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांची पहिली अट होती की मुलांना विषय नीट आला पाहिजे. मग आपली भाषा, आपलं घर याला सोडचिठ्ठी न देता शिकता आलं पाहिजे, आणि समाजात जे चाललंय त्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत. फलकाचा यात कुठे उल्लेख नाही.

माझ्या पुस्तकात हौद आणि दोन नळांची उदाहरणं असायची. आमच्या गावाला आठवड्यातून दोनदा टँकर. एका पोराने विचारलं, ‘बाई, नळाला पाणी येतंय तर हौद कशाला?’ हाच पोरगा दसऱ्यानंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा आणि उन्हाळ्यात परत यायचा. शेकडेवारीत नापास. एकदा सहज विचारलं, तर मुकादमाने कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, किती उचल दिली, टनामागे किती कापले, किती खाडे लावले आणि शेवटी बाकी कशी चुकीची दाखवली, हे त्याने तोंडी, पैशापर्यंत सांगितलं. मी त्याला दोन वर्षं ढ समजत होते. त्यानंतर माझ्या वर्गात उचलीची उदाहरणं आली, आणि काही बाप शाळेत येऊन हिशेब तपासून न्यायला लागले. त्यात वेदही नव्हते आणि भास्कराचार्यही.

तुमच्याकडे हेच काम बॉब मोझेस यांनी केलं. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी मार खाल्लेला माणूस. पुढे काही वर्षं टांझानियात गणित शिकवून परत आला आणि १९८०च्या दशकात ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ सुरू केला. मुलांना बोस्टनच्या भुयारी रेल्वेत बसवायचं, स्टेशनं मोजायची, कुठून निघालो, कोणत्या दिशेला, किती स्टेशनं. परत येऊन चित्र काढायचं, मग आपल्या शब्दांत लिहायचं, शेवटी चिन्हांत. धन-ऋण संख्या अशा शिकवल्या. तुझी मुलं ज्या बसने येतात तिचा मार्ग तुला माहीत आहे का? एकदा बसून ये.

एक सावधगिरी. आफ्रिकी वेण्यांच्या नक्षीत भूमिती आहे, त्यावर चांगलं कामही झालंय. पण म्हणून वर्गातल्या मुलीच्या केसांकडे बोट दाखवू नकोस, हात तर लावूच नकोस. तिला उदाहरण व्हायचं नसेल. तसंच, प्रत्येक मूल आफ्रिकेच्या गोष्टीने खुलेल असंही नाही. त्या इथिओपियाच्या मुलीला गाठून ‘तुमच्याकडे कसं असतं’ विचारायचं नाही. सगळ्या वर्गाला विचार, तुझ्यासकट. तू एकोणचाळीस सांगितलंस तर ती तिच्या घरचं घड्याळ सांगेल. त्यांच्याकडे तास पहाटेपासून मोजतात, आपल्या सकाळच्या सातला त्यांचा एक वाजतो.

अधिकाराचं विचारलंस. मालकी सांगायला गेलीस तर अधिकार नाही, शोधायला बसलीस तर कुणी अडवत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे शेतकऱ्यांच्या पोरांसाठी मोडी, हिशेब आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान मागितलं. तेव्हा हा विषय तुझ्या माहेरचाही आहे.

जाऊबाईंना एम्पेम्बाची गोष्ट सांग. १९६३ साली आजच्या टांझानियातल्या शाळेत एरास्टो एम्पेम्बाने आइसक्रीमचं गरम दूध तसंच बर्फाच्या कप्प्यात ठेवलं आणि ते थंड करून ठेवलेल्यापेक्षा आधी गोठलं. कारण विचारलं तर मास्तर म्हणाले, हे एम्पेम्बाचं भौतिकशास्त्र, जगाचं नव्हे. वर्गही हसला. पुढे दार-एस-सलामच्या विद्यापीठातले डेनिस ओस्बोर्न शाळेत व्याख्यानाला आले, तेव्हा त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. ओस्बोर्न यांनी प्रयोग करून पाहिला, आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावाने लेख छापून आला. हा परिणाम खरंच घडतो का, यावर शास्त्रज्ञ आजही भांडतात. नाव मात्र एम्पेम्बाचं राहिलं, मास्तरांचं कुणाला ठाऊक नाही. जाऊबाईंना नाही पटलं तर हळदीकुंकवाला पुढच्या वर्षी जाऊ नकोस. वाण मी पोस्टाने पाठवीन.

सोमवारी फलकाखाली तीन रंगांच्या चिठ्ठ्या ठेव: पुरावा आहे, वाद आहे, पुरावा नाही. त्या पोराला म्हण, ‘तू विचारलंस तेव्हा मला माहीत नव्हतं. चल, तपासू.’ पहिली चिठ्ठी त्याला लावू दे, ग्लायडरपासून.

आणि सोनासाठी वाळू मिळाली नाही तर भाजायच्या ट्रेमध्ये मीठ पसर. मी रवा वापरून पाहिला होता, मुंग्या आल्या.